मायनसचं बटण

मला एका जागी बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. वर्गात माझा पाय बाकाखाली सारखा हलतो आणि त्यामुळे पुढच्या बाकावरचीचं अक्षर बिघडतं, असं तिचं म्हणणं. तिचं अक्षर माझ्या जन्माच्या आधीपासून बिघडलेलं आहे, पण ते असो. आई मला भिंगरी म्हणते. या वर्षी शाळेत प्रोग्रॅमिंग सुरू झालं आणि पहिल्यांदाच माझ्या भिंगरीपणाचा काहीतरी उपयोग झाला. माझं काम सगळ्यांआधी संपायचं आणि मग मी उठून दुसऱ्यांचे प्रोग्रॅम दुरुस्त करत वर्गभर फिरायचे. बाई म्हणाल्या, "तुला डोकं आहे गं." डोकं मला पहिल्यापासूनच होतं, पण कुणी तसं सांगितलं की बरं वाटतं. एवढं बरं वाटलं की महिन्याभरात मी आईची नोकरी जवळजवळ घालवली.

आईचं ऑफिस शाळा आणि घर यांच्या बरोबर मध्ये आहे. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, वर तीन जिने, मग एक लांबट खोली आणि तीत सहा टेबलं. तिथे चष्म्याच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. दुकानदार गिऱ्हाइकाचा नंबर त्यात टाकतो आणि ऑर्डर थेट काचा घासणाऱ्या कारखान्यात जाते. दर दुसऱ्या शुक्रवारी सॉफ्टवेअरमध्ये काही ना काही बदलतं आणि काय बदललं ते सांगणारं एक पानी पत्र सगळ्या दुकानांना जातं. ऑफिसात त्याला रिलीज नोट्स म्हणतात. आमच्या घरी त्याला 'आईचं पत्र' म्हणतात, कारण गेली साडेपाच वर्षं ते आईच लिहितेय. एकशे बेचाळीस पत्रं. तिने प्रत्येकाची एक प्रत फायलीत लावून ठेवलीय.

शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसते, म्हणजे बसायचा प्रयत्न करते. आणि आई ते एक पान कसं लिहिते ते बघून माझा जीव नुसता वर-खाली व्हायचा. बुधवारी ती खुर्ची ओढून प्रोग्रॅमरच्या शेजारी बसायची. याला ऑफिसात सगळे 'किरकोळ' म्हणतात. प्रोग्रॅमरने काही बदललं की त्यासोबत एक ओळ लिहून ठेवायची असते, काय बदललं म्हणून, आणि हा गृहस्थ निम्म्या वेळा 'किरकोळ' एवढंच लिहितो. वयाने आईएवढा आहे, डोक्यावर केस कमी, कानावर हेडफोन जास्त. आई त्याच्यापुढे शेंगदाण्यांचा डबा ठेवायची आणि विचारायची, "बोला, या वेळी काय काय किरकोळ?" मग तासभर गप्पा. गुरुवारी ती दोन-तीन दुकानांना फोन करायची. पुन्हा गप्पा. कुणाची पाठ दुखतेय, कुणाच्या सुनेने दुकानात आरसा कुठे लावला. शुक्रवारी पेनने कागदावर लिहायची, खोडायची, लिहायची आणि शेवटी टाइप करायची. तीन दिवस. एका पानासाठी.

"आई, प्रोग्रॅमरच्या ओळी आयत्या असतात," मी एकदा म्हटलं. "त्या गोळा केल्या की झालं पत्र."

"कर की मग," ती म्हणाली. खोडरबर शोधत होती, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेच मला लागलं. चार दुपारी बसून (बसून म्हणजे उभी राहून, फेऱ्या मारून, पुन्हा बसून) मी प्रोग्रॅम लिहिला. तो सगळ्या ओळी गोळा करायचा, 'नवीन' आणि 'दुरुस्त केलेलं' असे दोन गट पाडायचा, प्रत्येक ओळीचं नीटस वाक्य करायचा आणि पत्र तयार. अकरा सेकंदात. 'किरकोळ' लिहिलेल्या ओळी मी गाळल्या. त्यात वाचण्यासारखं काय असणार? ही युक्ती मला इतकी आवडली होती की मी ती दोन वेळा बाईंना सांगितली.

ऑफिसचे मालक काका एका दुपारी माझ्या मागून जात होते, ते थांबले. काकांना कुठलीही गोष्ट दाखवा, ते एकच विचारतात.

"यात वेळ किती वाचतो?"

"तीन दिवस," मी म्हटलं. "वजा अकरा सेकंद."

काका हसले, मग हसायचे थांबले आणि आईच्या टेबलाकडे बघायला लागले. ते बघणं मी तेव्हा पाहिलं होतं. अर्थ कळला नाही, कारण मी माझ्याच पडद्याकडे बघून खूश होते.

पुढच्या शुक्रवारचं पत्र माझ्या प्रोग्रॅमने काढलं. तीन नव्या गोष्टी, पाच दुरुस्त्या, सगळं कसं स्वच्छ. 'पाठवा' हे बटण काकांनी मलाच दाबायला लावलं. मी दाबलं, किरकोळने टाळी वाजवली, एकच, आणि मग काका आईकडे वळून म्हणाले, "सोमवारपासून तुम्हाला फोनच्या टेबलावर घेऊ. तक्रारी वाढल्यात आणि तुम्ही बोलता चांगलं. हे लिहिण्याचं आता आपोआप होईल."

आई म्हणाली, "बरं."

एवढंच. मग तिने आपली फोनची वही, पेनं आणि शेंगदाण्यांचा डबा पिशवीत भरला. फोनचं टेबल खिडकीपासून लांब आहे. तिथे दिवसभर कानाला हेडसेट लावून बसायचं आणि लोकांचं ओरडणं ऐकायचं. तिथे बसणारं कुणी सहा महिन्यांच्या वर टिकलेलं नाही.

जिना उतरताना मी विचारलं, "रागावलीस?"

"तुझा प्रोग्रॅम छान आहे गं."

"मग गप्प का?"

"जिना उतरतेय."

शनिवार मी कसा काढला ते मला विचारू नका. अभ्यासाला बसले, उठले, दप्तर आवरलं, पुन्हा पसरलं. आईने मात्र पत्रांची फाइल पुसली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर, हिवाळ्याच्या पांघरुणांच्या मागे ठेवली. बाबा म्हणाले, "तिथे कशाला? हाताशी असू दे." ती म्हणाली, "आता कुणाला हाताशी लागणारेय?"

हे तिने अगदी साध्या आवाजात म्हटलं, आणि म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जाईना.

रविवारी सकाळी ती गॅलरीत दोऱ्या बांधून चादरी वाळत घालत होती, तेव्हा मी स्टुलावर चढून फाइल खाली काढली. मला बघायचं होतं, तीन दिवस खर्चून ही लिहिते तरी काय. मला खरं तर हे बघायचं होतं की माझं पत्र जास्त चांगलं आहे. कुठलंतरी मधलंच पान उघडलं. त्यात होतं:

'या वेळी "जपून ठेवा" हे बटण उजवीकडे गेलं आहे. जिथे ते होतं, तिथे आता "पुसा" आहे. सवयीने हात तिथेच जाईल. पहिले दोन दिवस बटण वाचून मगच दाबा.'

आणि समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात: 'किरकोळ, तोंडी.'

मी पुढचं पान उलटलं. 'किरकोळ, तोंडी.' त्याच्या पुढचं. एका पत्रात तर तीन ठिकाणी. म्हणजे पत्रातलं जे जे उपयोगाचं होतं, ते कुठल्याच ओळीत लिहिलेलं नव्हतं. ते शेंगदाण्यांच्या डब्यातून आलं होतं.

माझा पाय हलायचा थांबला. हे फार कमी वेळा होतं आणि कधीच चांगल्या कारणासाठी होत नाही.

मी माझ्या प्रोग्रॅमने गाळलेल्या ओळी उघडल्या. नऊ होत्या. नऊच्या नऊ 'किरकोळ'. किरकोळचा नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेला असतो. मी फोन लावला.

"कुठलं किरकोळ?" तो म्हणाला. जेवत होता बहुतेक.

"नऊ आहेत. सगळी सांगा."

"बापरे. अक्षरं जरा मोठी केली. एक रंग बदलला. तारीख आधी इकडे होती, ती तिकडे…" तो चावत चावत मोजत गेला. "आणि हां, ते चिन्हाचं."

"कसलं चिन्हाचं?"

"नंबर टाकताना प्लस-मायनस काहीच टाकलं नाही तर आधी आपोआप मायनस धरायचं. कुणीतरी पूर्वी करून ठेवलेला जुगाड. मी काढून टाकला. नुसतं दोन म्हणजे प्लस दोन. शाळेत शिकवतात ना तुम्हाला?"

"शिकवतात," मी म्हटलं.

"मग झालं तर."

गणितात त्याचं बरोबर होतं. पण हे चष्म्याचे नंबर होते. मायनस नंबर म्हणजे लांबचं न दिसणाऱ्यांचा. प्लस म्हणजे जवळचं वाचायला लागतो तो. ज्याला फळ्यावरचं दिसत नाही त्याला जवळचं वाचायचा चष्मा दिला तर काय दिसेल? काहीच नाही. उलट डोकं दुखेल.

मी घराभोवती चार फेऱ्या मारल्या. खरंच मोजून चार. पहिल्या फेरीत वाटलं, दुकानदार काय वेडे आहेत का, बघतीलच की ते. दुसऱ्या फेरीत वाटलं, चूक किरकोळची आहे. तिसऱ्या फेरीत वाटलं, कुणाला काही सांगितलंच नाही तर? चौथ्या फेरीत आठवलं की उद्यापासून फोनच्या टेबलावर आई बसणार आहे. चुकलेल्या चष्म्यांचा पहिला फोन येणार तो तिलाच.

मग मी आत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आईच्या हातात चादरीचं एक टोक होतं, ते तिने तसंच धरून ठेवलं.

"निम्मी दुकानं मायनस दाबतच नाहीत," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं बहुतेक मायनसचीच असतात. सवय झालीय त्यांना. तो जुगाड नव्हता, मीच सांगून करून घेतला होता, माझ्या तिसऱ्या पत्राच्या वेळी." मग तिने टोक सोडलं. "काल दुकानं उघडी होती."

"हो."

"आणि कारखाना ऑर्डरी कधी उचलतो?"

"सोमवारी आठला."

ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिने फक्त पिशवीतून फोनची वही काढली आणि म्हणाली, "चप्पल घाल."

तासाभरात ऑफिसात आम्ही पाच जण होतो. काका घरातल्या कपड्यांवर, किरकोळ हेडफोनशिवाय (कान लालबुंद, मी ते पहिल्यांदाच बघितले), आई, मी आणि बाबा. बाबांचा इथे काय उपयोग, हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण ते आले.

"उद्या सकाळी बघू ना," काका म्हणाले.

"उद्या आठला काचा घासायला लागतील, साहेब. घासलेली काच परत जाड होत नाही."

किरकोळ म्हणाला, "सोपं आहे. चिन्ह न टाकलेल्या कालच्या सगळ्या ऑर्डरी मी एका फटक्यात मायनस करून टाकतो. आणि जुनं परत चालू करतो."

मला ते एकदम पटलं. आई मात्र मान हलवत होती.

"जुनं चालू करा. पण ऑर्डरींना हात लावू नका. काल नंबर टाकल्यावर पडद्यावर प्लस दिसला असेल. ज्याला प्लसच हवा होता तो म्हणाला असेल, चला, आपोआप आला, एक बटण वाचलं. कुणाचं काय ते ज्याने टाकलं त्यालाच माहीत."

"म्हणजे एकेकाला विचारायचं?" काका म्हणाले. "चौसष्ट दुकानं आहेत."

"चौसष्ट नाहीत," मी म्हटलं. "थांबा."

हे मात्र माझं काम होतं. दहा मिनिटांत मी यादी काढली, चिन्ह न टाकलेल्या ऑर्डरी आणि कुठल्या दुकानाच्या: सदतीस ऑर्डरी, अकरा दुकानं. आईने यादी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "शाबास." मग तिने वही उघडली. वहीत काय नव्हतं? एक दुकानदार रविवारी बहिणीकडे असतो, तिकडचा नंबर. एकाला दुपारी चारच्या आत फोन केला तर तो वर्षभर बोलत नाही. एका ठिकाणी बायकोशी बोलायचं, नवऱ्याला काही ठाऊक नसतं. हे गोळा करायला कुठलाही प्रोग्रॅम किती वेळ घेईल याचा मी मनात हिशोब करायला गेले आणि सोडून दिला.

तिने एक फोन घेतला, एक बाबांना दिला. "मी काय म्हणू?" बाबा म्हणाले. "आधी नमस्कार म्हणा," आई म्हणाली.

मी तोवर नवं पत्र लिहिलं. दुकानांना खरं काय झालं ते कळवायला हवंच होतं. आईने माझ्या पडद्यावर नुसती नजर टाकली आणि वहीतलं एक पान माझ्यापुढे धरलं.

"या आजींना तू फोन कर. त्यांच्या सहा ऑर्डरी आहेत. आणि पत्र आधी त्यांना वाचून दाखव. त्यांना कळलं की सगळ्यांना कळतं."

या आजी चाळीस वर्षं चष्मे विकतात. त्यांना स्वतःला पडदा नीट दिसत नाही, त्या बोटांच्या सवयीवर टाइप करतात, हे वहीतच लिहिलं होतं. मी घसा साफ करून वाचलं, "ऋण संख्येसाठी चिन्ह देणे शनिवारी अनिवार्य झाले होते. ही बाब पूर्ववत करण्यात आली असून वापरकर्त्यांनी…"

"तू कोण गं?" आजी म्हणाल्या.

मी सांगितलं.

"अस्सं, लेक का. तुझी आई कुठाय? बरी आहे ना?"

"बरी आहे. दुसऱ्या फोनवर आहे. तुम्हाला कळलं का आजी, मी वाचलं ते?"

"ऐकू आलं. म्हणजे मी काय करू?"

मी पुन्हा वाचलं, सावकाश.

"बाळ, मी काय करू ते सांग."

माझ्या तोंडावर आलं होतं की तेच तर सांगतेय. पण मी पत्राकडे बघितलं आणि ते त्यात खरोखरच कुठे नव्हतं. मी दुसऱ्यांदा लिहिलं, फोन कानाला लावूनच. "काल तुम्ही मायनस न दाबता टाकलेले नंबर प्लस झाले आहेत. कालच्या ऑर्डरी उघडा आणि ज्या मायनसच्या आहेत त्यात नंबराच्या आधी मायनस दाबा."

"हां, आता कळलं," आजी म्हणाल्या. "पण मी नाही दाबू शकत."

"का?"

"मायनसचं बटण नाहीये माझ्याकडे. नातवाने काढलं, लहान होता तेव्हा. आता त्याला दाढी आली."

म्हणजे इतकी वर्षं आजी मायनस दाबतच नव्हत्या, कारण दाबायला काही नव्हतंच. मी फोनवर हात ठेवून आईला सांगितलं. आईने स्वतःचा फोन न सोडता माझ्याकडे एक पेन ढकललं आणि त्याच्या टोपणाने हवेत टोचून दाखवलं.

"आजी, बटण होतं तिथे भोक आहे का?"

"आहे. आत काहीतरी पांढरं दिसतं."

"पेनाच्या टोपणाने ते दाबून बघा. हळूच."

तिकडे खुडबुड, ड्रॉवरचा आवाज, आजींचं स्वतःशी पुटपुटणं. मी उभी राहिले, बसले, उभी राहिले. मग आजी, बहुतेक पडद्याला नाक लावून, म्हणाल्या, "अगं, आलं की. मायनस आलं." त्यांनी एकेक करत पाच ऑर्डरी दुरुस्त केल्या. सहाव्याला थांबल्या. "हा राहू दे. हा शिंपी आहे, सुई ओवायला चष्मा हवा त्याला. हा प्लसच."

मी किरकोळकडे बघितलं. त्याने एका फटक्यात केलं असतं तर शिंप्याला लांबच्या डोंगरांचा चष्मा मिळाला असता. किरकोळने माझ्याकडे बघितलं नाही, तो शेंगदाणे खात होता, पण कान आणखी लाल झाले.

संध्याकाळी सहापर्यंत सदतीसपैकी सदतीस ऑर्डरी नीट झाल्या. एकोणतीस मायनसच्या निघाल्या, आठ खऱ्याच प्लसच्या. मी पत्र पूर्ण केलं, तिसऱ्यांदा, कागदावर, आईच्या पेनने. शेवटी लिहिलं: 'ज्यांचं मायनसचं बटण तुटलं आहे त्यांनी त्या जागी पेनाच्या टोपणाने हळूच दाबावं.'

काकांनी पत्र वाचलं आणि चष्मा कपाळावर ढकलला. "हे असं रिलीज नोट्समध्ये कोण लिहितं?"

"हिने लिहिलंय," आई म्हणाली. "राहू द्या."

"म्हणजे आता हिचा प्रोग्रॅम बंद करायचा?"

मला वाटलं आई हो म्हणेल. तिला हक्क होता. ती पिशवी भरत होती.

"बंद कशाला? याद्या छान काढतो. त्यातलं पाठवायचं बटण तेवढं काढून टाका, साहेब. ते माझ्याकडे असू द्या." मग तिने पिशवीतून शेंगदाण्यांचा डबा बाहेर काढला आणि खिडकीजवळच्या आपल्या जुन्या टेबलावर ठेवला. "आणि फोनच्या टेबलावर मी सकाळचे दोन तास बसेन. तिथलं मला पत्रासाठी ऐकायचंच असतं. त्याहून जास्त नाही."

आई काकांशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. काकांनीही नसावं. ते किल्ल्या खिशात चाचपत राहिले, खरं तर किल्ल्या टेबलावरच होत्या.

"यात वेळ किती जाईल?" ते म्हणाले.

"तीन दिवस," आई म्हणाली. "पूर्वीसारखे."

सोमवारी दुपारी मी शाळेतून पोचले तेव्हा फोनच्या टेबलावरच्या वहीत आईच्या अक्षरात तीन दुकानांची नावं होती. तिघांनी मुद्दाम फोन करून सांगितलं होतं की त्यांचंही मायनसचं बटण तुटलेलंच आहे आणि टोपणाची युक्ती चालते. ते वाचून काकांनी कुणाला तरी नवीन कीबोर्डांची किंमत विचारलेली मी ऐकली.

पाठवायचं बटण मीच काढलं. काढताना जरा जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? गाळलेल्या ओळींचंही मी बदललं. आता 'किरकोळ' लिहिलेलं सगळं यादीत सगळ्यांत वर येतं, ठळक अक्षरात.

पुढच्या पत्राच्या बुधवारी किरकोळच्या अकरा ओळी होत्या. त्याने यावेळी नुसतं 'किरकोळ' असं लिहिलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं, 'किरकोळ, विचारा.'

आईने खुर्ची ओढली. मी दुसरी ओढली. आईने मला पेन्सिल दिली आणि डब्याचं झाकण काढलं.

"बोला," ती म्हणाली.

किरकोळने एक हेडफोन कानावरून सरकवला, यादीकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग खाली माझ्या पायाकडे. "टेबल हलतंय," तो म्हणाला.

"हलू दे," आई म्हणाली. "तू लिही गं."